बिअरच्या पेट्या आणि केंटकीचे कामगार : एका वर्गखेळाचा इतिहास

आजचा धागा एका खेळाविषयी आहे. खेळ दिसायला पोरकट : कागदी पट, चकत्या, चिठ्ठ्या आणि टेबलाभोवती बसलेले विद्यार्थी. त्याची मुळे मात्र कामगारांच्या नोकऱ्यांशी जोडलेली आहेत.

१९५० च्या दशकात अमेरिकेतील केंटकी राज्यात जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे घरगुती उपकरणांचे कारखाने होते. तेथील अधिकाऱ्यांना एक कोडे उलगडत नव्हते. कधी कारखाना तीन-चार पाळ्यांत अहोरात्र चाले, आणि काही वर्षांनी त्याच कारखान्यातील निम्म्या कामगारांना घरी बसवावे लागे. पुन्हा भरती, पुन्हा कपात. बाजारातील तेजी-मंदीकडे बोट दाखवणे सोपे होते, परंतु तेवढ्याने कोणाचे समाधान होत नव्हते.

हे कोडे जे फॉरेस्टर यांच्या कानावर आले. हे गृहस्थ व्यवस्थापनाचे पंडित नव्हते. त्यांचा जन्म १९१८ चा. नेब्रास्का राज्यातील एका गुरेपालनाच्या मळ्यावर ते वाढले. तेथे वीज नव्हती, म्हणून शाळकरी वयातच त्यांनी मोटारींच्या जुन्या भागांतून बारा व्होल्टची पवनविद्युत यंत्रणा जुळवली आणि घरात दिवे आणले. पुढे एमआयटीत ‘व्हर्लविंड’ या आरंभीच्या महत्त्वाच्या संगणकाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले आणि चुंबकीय गाभ्यांची स्मृती विकसित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९५६ मध्ये, संगणकशास्त्र ऐन भरात असताना, ते एमआयटीच्या व्यवस्थापन शाळेत दाखल झाले. (हीच शाळा पुढे ‘स्लोन स्कूल’ या नावाने ओळखली जाऊ लागली.)

फॉरेस्टरांनी प्रथम अधिकाऱ्यांना विचारले, भरतीचा आणि साठ्याचा निर्णय तुम्ही नेमका कसा घेता? मग वही उघडून रकाने आखले : साठा, कामगार, मागण्या. या आठवड्याची स्थिती अशी आणि निर्णयाचे नियम असे, तर पुढील आठवड्यात किती माणसे लागतील? एकेक आठवडा करत ते पुढे सरकत गेले. संगणकाचा हा निष्णात येथे पेन्सिल घेऊन बसला होता, हे मला विशेष वाटते.

वहीतून निघालेले उत्तर अस्वस्थ करणारे होते. बाहेरून येणारी मागणी अगदी स्थिर ठेवली तरी कामगारांची संख्या हेलकावे खाऊ शकत होती. लाट बाहेरून येतच नव्हती. साठा, विलंब आणि निर्णयाचे नियम यांच्या गुंफणीतून ती कारखान्याच्या आतच उठत होती. १९५८ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तील लेखात आणि १९६१ मध्ये ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ या ग्रंथात त्यांनी हा विचार मांडला.

आता अडचण शिकवण्याची. ‘दोष तुमच्या व्यवस्थेच्या रचनेत आहे’ असे व्याख्यानात सांगितले, तर विद्यार्थी मान डोलावतो, परीक्षेत लिहितो आणि नोकरीला लागल्यावर पुरवठादारालाच शिव्या देतो. म्हणून १९६० च्या दशकात एमआयटीत एक खेळ रुजला. माल म्हणून बिअर निवडली होती, त्यामुळे त्याचे नाव पडले ‘बिअर गेम’.

पटावर चार जागा : किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. प्रत्येकाजवळ आरंभी बिअरच्या १२ पेट्या. दर आठवड्याला दुकानदार एक पत्ता उलटतो. ग्राहकाची मागणी फक्त त्यालाच कळते. तो घाऊकवाल्याकडे चिठ्ठी धाडतो, घाऊकवाला वितरकाकडे, वितरक कारखान्याकडे. एकमेकांशी बोलण्यास मनाई. चिठ्ठी वर पोहोचण्यास वेळ लागतो, माल खाली येण्यासही लागतो. दोन्ही मिळून तीन-चार आठवडे सहज जातात. पडून असलेल्या प्रत्येक पेटीमागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च, आणि देणे राहिलेल्या प्रत्येक पेटीमागे एक डॉलर. ज्या गटाचा एकूण खर्च सर्वांत कमी, तो विजयी.

पहिले चार आठवडे ग्राहक ४ पेट्या मागतो. सारे शांत. पाचव्या आठवड्यात तो ८ मागतो.

दुकानदाराचा साठा उतरू लागतो. तो थोडी जास्त मागणी नोंदवतो. माल येत नाही, कारण तो अजून वाटेत आहे. दुकानदार घाबरून आणखी मागवतो, आणि आधी मागवलेले हिशेबात धरायचे विसरतो. घाऊकवाल्याला ही वाढ आणखी मोठी दिसते; त्याचीही तीच गत होते. वितरकाचे फळे ओस पडतात. कारखाना बेफाम उत्पादन काढतो. मग काही आठवड्यांनी सगळा माल एकदम येऊन आदळतो, प्रत्येक जण मागणी शून्यावर आणतो आणि कारखाना ठप्प होतो. आता त्या कारखान्यात माणसे आहेत अशी कल्पना करा. केंटकीची भरती आणि केंटकीची कपात, दोन्ही तासाभरात टेबलावर घडून गेलेली असतात.

खेळ संपल्यावर शिक्षक लगेच काही सांगत नाहीत. दुकानदार वगळता इतरांना ते ग्राहकाच्या मागणीचा आलेख अंदाजाने काढायला लावतात. बहुतेक जण वर जाणारी आणि कोसळणारी मोठी लाट काढतात. तोवर वर्गात दोषारोप रंगलेले असतात : ‘घाऊकवाल्यानेच घोळ घातला’, ‘ग्राहकच चंचल’. मग खरे पत्ते दाखवले जातात. ४, ४, ४, ४, आणि त्यानंतर शेवटपर्यंत ८. मागणी एकदाच बदलली होती.

एमआयटीचेच जॉन स्टरमन यांनी या खेळाच्या नोंदींचा कसून अभ्यास करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गटांचा सरासरी खर्च शक्य असलेल्या किमान खर्चाच्या सुमारे दहापट होता. ग्राहकाची मागणी ४ वरून ८ वर गेली, तर कारखान्याकडील मागणीचे शिखर सरासरी ३२ च्या आसपास पोहोचले. स्टरमन यांचे निदान असे की, माणसे वाटेत असलेल्या मालाचे भान ठेवत नाहीत. पुढच्याच वर्षी पीटर सेंगे यांच्या ‘द फिफ्थ डिसिप्लिन’ या पुस्तकाने हा खेळ व्यवस्थापन शाळांबाहेरही नेला.

येथे कथा संपवता आली असती, परंतु मग ती अर्धीच राहिली असती. १९९७ मध्ये हाऊ ली, पद्मनाभन आणि वांग या अभ्यासकांनी वेगळा मुद्दा मांडला. चाबकाची मूठ किंचित हलली तरी टोक जोरात फटकारते, तशा या घटनेला ‘बुलव्हिप’ हे नाव रूढ झाले होते. लहान मुलांच्या डायपरची विक्री फारशी हलत नसतानाही मागण्या उसळतात, हे प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीला आढळले होते. या तिघांचे म्हणणे असे की, माणसे पूर्ण शहाणपणाने वागली तरी फटकारा बसेल. मागण्या एकगठ्ठा नोंदवणे, सवलतीच्या काळात साठवून ठेवणे, टंचाईत वाट्याला कमी येईल म्हणून फुगवून मागणे, ताज्या मागणीवरून पुढचा अंदाज बांधणे : यांपैकी प्रत्येक गोष्ट व्यापाऱ्याच्या जागी बसून पाहिली तर योग्यच दिसते.

माझ्या मते हा वाद शिक्षणाच्या दृष्टीने खेळाइतकाच मोलाचा आहे. पहिले निदान खरे धरले, तर विद्यार्थ्याची नजर सुधारायला हवी. दुसरे खरे धरले, तर किमती ठरवण्याची आणि माल वाटण्याची पद्धत बदलायला हवी. क्रोसन आणि डोनोह्यू यांनी पुढे प्रयोगासाठी खेळात बदल केला. ग्राहकाची मागणी कोणत्या मर्यादेत राहील हे खेळाडूंना आधीच सांगून टाकले. फटकारा तरीही बसला. इतरांचा साठा दिसू दिल्यावर मात्र तो काहीसा मंदावला, आणि त्याचा लाभ मुख्यतः वरच्या टोकाला, म्हणजे वितरकाला व कारखान्याला झाला.

फॉरेस्टर २०१६ मध्ये निवर्तले. खेळाच्या संगणकीय आवृत्त्या केव्हाच निघाल्या आहेत, तरी कागदी पट आणि चकत्या वर्गांतून गेलेल्या नाहीत.