औषधाच्या खिडकीपासून रुग्णशय्येपर्यंत : क्लिनिकल फार्मासिस्टच्या संशोधनपद्धतीची जडणघडण

प्रस्तावना

औषधनिर्माणशास्त्रातील संशोधन म्हटले की प्रयोगशाळा आणि नवी औषधद्रव्ये यांचेच चित्र सामान्यतः डोळ्यांसमोर येते. परंतु तयार झालेले औषध योग्य रुग्णाला, योग्य मात्रेत व योग्य वेळी मिळते काय, हाही तितकाच महत्त्वाचा संशोधनविषय आहे. क्लिनिकल फार्मासिस्टचे संशोधन याच प्रश्नातून निर्माण झाले. प्रस्तुत लेखात या संशोधनपद्धतीच्या विकासाचा संक्षिप्त आढावा घेतला असून, वॉर्डातील सातत्यपूर्ण उपस्थिती हाच तिचा पाया होय, असे प्रतिपादन केले आहे.

निरीक्षणाचा प्रारंभ

रुग्णालयात औषध देताना होणाऱ्या चुका पूर्वी केवळ कर्मचाऱ्यांनी स्वतः दिलेल्या अहवालांवरून मोजल्या जात. १९६२ मध्ये केनेथ बार्कर व मॅककॉनेल यांनी अमेरिकेत निराळा मार्ग अवलंबिला. निरीक्षकाने परिचारिकेसोबत राहून प्रत्यक्ष दिलेल्या प्रत्येक मात्रेची नोंद करावयाची आणि नंतर ती डॉक्टरांच्या लेखी आदेशाशी ताडून पाहावयाची, अशी ही रीत होती. अहवालांत दिसणाऱ्या चुकांपेक्षा प्रत्यक्ष चुका अनेक पटींनी अधिक असल्याचे त्यातून उघड झाले. नोंद नसलेली चूक म्हणजे न घडलेली चूक नव्हे, हा या अभ्यासाचा धडा होय.

नवव्या मजल्याचा प्रयोग

१९६६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रुग्णालयात नवव्या मजल्यावरील शस्त्रक्रिया विभागात औषधकक्ष सुरू करण्यात आला. तेथे फार्मासिस्ट चोवीस तास उपलब्ध असे. रुग्णाचा औषध-इतिहास घेणे, दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे व डॉक्टरांना औषधविषयक माहिती पुरविणे ही कामे त्याच्याकडे आली. त्यामुळे संशोधनाचे प्रश्न त्याला ग्रंथालयात शोधावे लागले नाहीत. ते दैनंदिन कामातूनच समोर येऊ लागले. पुढे १९९० मध्ये हेपलर व स्ट्रँड यांनी फार्मासिस्टची जबाबदारी औषधवाटपापुरती न ठेवता उपचाराच्या फलिताशी जोडली. साहजिकच रुग्णाला झालेला लाभ हे संशोधनाचे माप ठरले.

तुलनेची जोड

हे माप प्रत्यक्ष कसे लावावे, याचे ठळक उदाहरण ल्युशियन लीप व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळते. बोस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या अतिदक्षता विभागात डॉक्टरांच्या फेरीत फार्मासिस्टचा समावेश करण्यात आला. औषधयोजनेतील चुकांमुळे होणाऱ्या, टाळता येण्याजोग्या अपायकारक घटनांचे प्रमाण दर १००० रुग्णदिवसांमागे १०.४ वरून ३.५ वर आले, म्हणजेच ६६ टक्क्यांनी घटले. तुलनेसाठी निवडलेल्या हृदयरोग अतिदक्षता विभागात, जेथे हा बदल केला नव्हता, तेथे अशी घट दिसली नाही. फार्मासिस्टने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी स्वीकारल्या. अभ्यास एकाच रुग्णालयातील होता, ही त्याची मर्यादा होय. तथापि आधीची स्थिती, हस्तक्षेप, नंतरची स्थिती आणि तुलनागट ही संशोधनाची चौकट त्यातून स्पष्ट होते.

भारतीय संदर्भ

भारतात १९४८ च्या फार्मसी कायद्याने व्यवसायाचे नियमन झाले, परंतु शिक्षणाचा कल दीर्घकाळ औषधउद्योगाकडेच राहिला. २००८ मध्ये सहा वर्षांचा फार्म.डी. अभ्यासक्रम आला. त्यात वॉर्डातील प्रशिक्षण, सहा महिन्यांचा प्रकल्प व एक वर्षाची आंतरवासिता यांचा समावेश आहे. पुढे महाराष्ट्रातील महाविद्यालयांनीही तो स्वीकारला. २०१० मध्ये औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदीसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला.

येथे एक मूलभूत अडचण जाणवते. सहा महिन्यांच्या प्रकल्पात विद्यार्थी चुका मोजू शकतो. परंतु त्या दूर करण्याचा उपाय योजून त्याचा परिणाम पाहण्याइतका काळ त्याला मिळत नाही. विद्यार्थी निघून गेल्यावर प्रश्न वॉर्डातच राहतो. बार्कर यांची पायरी आपण गाठतो, लीप यांची गाठत नाही.

समारोप

पाहणे, मोजणे, हस्तक्षेप करणे आणि पुन्हा मोजणे हा क्लिनिकल फार्मासिस्टच्या संशोधनाचा क्रम इतिहासाने घडविला आहे. तो पूर्ण व्हावयाचा असेल, तर रुग्णालयात त्याचे स्थायी पद असणे आवश्यक आहे. अन्यथा प्रबंधांची संख्या वाढेल, मात्र त्याचा लाभ रुग्णशय्येपर्यंत पोहोचणार नाही.