घरच्या बिअरच्या बाटलीला लेबल कसं लावतात? आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये ते का चालत नाही?

छत्रपती संभाजीनगर हे महाराष्ट्रातलं बिअर उत्पादनाचं मोठं केंद्र. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत नामांकित कंपन्यांचे कारखाने आहेत. याच शहरातल्या एखाद्याने इंटरनेटवर व्हिडिओ पाहून घरी बिअर बनवली आणि बाटलीवर स्वतःच्या नावाचं छान लेबल चिकटवलं, तर काय होईल? लेबल कितीही देखणं असलं तरी ती बाटली बेकायदाच ठरेल.

कायदा काय सांगतो?

राज्यात ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949’ लागू आहे. या कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे आणि बिअर हे मद्यच आहे. ‘विकणार नाही, फक्त घरी पिणार’ असं म्हटल्याने सूट मिळत नाही.

परवानाधारक कारखान्यालाही लेबल मनासारखं छापता येत नाही. त्याला राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी लागते. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या म्हणजेच ‘एफएसएसएआय’च्या नियमांनुसार 1 एप्रिल 2019 पासून मद्याच्या बाटलीवर ‘मद्यसेवन आरोग्यास हानिकारक आहे, मद्यपान करून वाहन चालवू नका’ या अर्थाचा इशारा छापणं बंधनकारक आहे. त्याची अक्षरं किमान 3 मिलिमीटर उंच असावी लागतात. अल्कोहोलचं प्रमाणही लिहावं लागतं. 5 टक्क्यांपर्यंत सौम्य बिअर आणि त्यापुढे 8 टक्क्यांपर्यंत स्ट्राँग बिअर, अशी वर्गवारी आहे.

मग घरच्या बिअरची लेबलं कुठे लागतात?

जिथे कायदा परवानगी देतो तिथे. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना 1963 मध्ये रद्द केला. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने केंद्रीय बंदी उठली. तिथे एका प्रौढ व्यक्तीला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे सुमारे 380 लिटर बिअर घरच्यासाठी बनवता येते. विकता मात्र येत नाही. त्यामुळे तिथल्या मराठी घरात एखाद्याला हा छंद असेल, तर तो कायद्यात बसतो.

लेबलवर काय लिहितात?

नाव आणि चित्र ही हौस. खरी गरज असते ती बाटली भरल्याची तारीख, घाणा क्रमांक, बिअरचा प्रकार आणि अल्कोहोलचं प्रमाण यांची. घरच्या बिअरमध्ये फेस यावा म्हणून बाटली भरताना थोडी साखर घालतात आणि बंद बाटलीत पुन्हा आंबवण होते. साखर जास्त झाली किंवा आधीची आंबवण अपुरी राहिली, तर दाब वाढून बाटली फुटू शकते. एक बाटली फुटली की त्याच घाण्यातल्या बाकीच्या बाटल्या कोणत्या, हे लेबलवरूनच कळतं.

अल्कोहोल काढण्याचं गणित सोपं आहे. आंबवण्यापूर्वीच्या विशिष्ट घनतेतून नंतरची घनता वजा करायची आणि उत्तराला 131.25 ने गुणायचं. आधी 1.050 आणि नंतर 1.010 असेल, तर प्रमाण येतं सुमारे 5.25 टक्के. भारतीय नियमांत ही बिअर ‘स्ट्राँग’ ठरेल.

माप आणि छपाई

छोट्या बाटलीचा व्यास साधारण 6 सेंटिमीटर, म्हणजे घेर जवळपास 19 सेंटिमीटर असतो. खात्री करायची तर बाटलीला दोरा गुंडाळून तो पट्टीवर मोजावा. 9 बाय 7 सेंटिमीटरची 8 लेबलं एका ए-फोर कागदावर बसतात. 19 लिटरच्या एका घाण्यातून 50 च्या आसपास बाटल्या भरतात, म्हणजे 7 कागद पुरतात.

छपाई लेझर प्रिंटरवर करावी. त्याची पूड उष्णतेने कागदावर वितळून बसते, त्यामुळे पाण्याने ओघळत नाही. साध्या इंकजेटची शाई मात्र फ्रिजमधल्या बाटलीवर दव जमलं की पसरते.

चिकटवायचं कशाने? दुधाने!

हौशी मंडळींचा आवडता गोंद म्हणजे दूध. दुधातलं केसिन हे प्रथिन वाळल्यावर कागद आणि काच घट्ट धरून ठेवतं. बिअर उद्योगातही केसिनचा गोंद वापरला जातो. तो बर्फाच्या पाण्यात टिकतो आणि बाटल्या पुन्हा वापरण्यासाठी गरम कॉस्टिक सोड्याने धुतल्या की सुटतो.

पद्धत अशी:

1. बाटली धुऊन पूर्ण कोरडी करावी. ती थंड असेल तर साध्या तापमानाला येऊ द्यावी.
2. लेबलच्या मागे ब्रशने दुधाचा पातळ हात द्यावा. साय काढलेलं दूध बरं, कारण स्निग्धांश चिकटण्याच्या आड येतो.
3. लेबल मधून कडांकडे दाबत बसवावं आणि बाहेर आलेलं दूध ओल्या फडक्याने पुसावं.
4. पूर्ण वाळल्यावरच बाटली हलवावी. थर जाड झाला नाही तर वास येत नाही.

घरी केलेली मैद्याची खळही चालते, पण ओलाव्यात ती लवकर सुटते. तयार स्टिकर सर्वात सोपे असले, तरी काढताना चिकटा मागे राहतो. त्यावर खोबरेल तेल लावून थोड्या वेळाने घासलं की तो निघतो. दुधाने लावलेलं लेबल कोमट पाण्यात भिजवलं तरी सुटतं.

संभाजीनगरच्या हौशी माणसाने काय करावं?

हेच माप, हीच छपाई आणि हेच दूध कोकम, कैरीचं पन्हं किंवा आल्याच्या सरबताच्या बाटलीलाही चालतं. त्यावर भरल्याची तारीख आणि घटक लिहायला विसरू नये. घरच्यासाठी किंवा भेट म्हणून अशी बाटली द्यायला परवाना लागत नाही. विकायची असेल, तर उलाढाल लहान असली तरी ‘एफएसएसएआय’ची नोंदणी करावी लागते आणि लेबलचे नियमही पाळावे लागतात.