चाल ओळखीची वाटतेय ना?

कोपरं जरा बाहेर काढा. माग्डेबुर्गच्या जुन्या बाजारात अंग चोरून उभं राहिलात तर पोत्यांखाली जाल. १५२४ सालच्या मे महिन्यातली सकाळ. पायाखाली चिखल नि शेण, डावीकडे खारवलेल्या मासळीची पिंपं, आणि मागचा गडी तुमच्या मानेवर शिळ्या बिअरचे श्वास सोडतोय. दगडी घोड्यावर सम्राट ऑटो बसलाय. त्याच्या पायथ्याशी एक म्हातारा विणकर खड्या आवाजात गातोय. अंगाला लोकरीचा तेलकट वास, हातात छापील कागदांची चवड. गातो, विकतो, पुन्हा गातो.

घ्या एक. शाईला जवसाच्या तेलाचा वास येतोय. बोटं काळी होतील. वाचता येत नाही? इथे बहुतेकांना येत नाही. दोन कडवी नुसती ऐका, तिसऱ्याला ओठ आपोआप हलतील. शब्द पोपच्या चर्चविरुद्ध उभ्या ठाकलेल्या विटेनबर्गच्या मार्टिन ल्यूथरचे, घरात बोलता त्या जर्मनमधले.

या चाली त्याने गुत्त्यातून उचलल्या, असं पुढे लोक सांगतील. ऐकायला मजा येते, पण त्यात फारसं तथ्य नाही. बऱ्याच चाली जुन्या लॅटिन स्तोत्रांवरून आणि ईस्टरच्या गाण्यांवरून आल्या, काही नव्याने बांधल्या. एका नाताळगीताला त्याने कोड्यांच्या लोकगीताची चाल लावली खरी. चार वर्षांत ती बदललीही.

अरे, महापौर आले! चर्चमधली सकाळची मिस्सा आटोपून थेट इथेच. म्हाताऱ्याची रवानगी कोठडीत. पण पळताय कुठे? गर्दीच तुम्हाला नगरभवनाकडे ढकलत नेईल, आणि आरडाओरडा इतका होईल की त्याला सोडावंच लागेल.

आता काही महिने पुढे या, ल्यूथरच्या बाजूच्या एखाद्या चर्चमध्ये. बसायला जागा शोधू नका, उभंच राहायचंय. मेणबत्त्यांचा धूर, दाटीतली ऊब, कुठेतरी किरकिरणारं तान्हं. आजवर इथे पाद्री आणि गायकमंडळी लॅटिनमधून गात, तुम्ही बहुतेक वेळ गप्प. आज शाळेची पोरं सूर धरतात आणि सगळे त्यांच्यामागून गातात. ऑर्गनची साथ नाही. गाणं बायबलमधल्या १३०व्या स्तोत्रावरचं. चाल पंचमावरून धपकन षड्जावर उतरते, उडी मारून पुन्हा पंचम गाठते, कोमल धैवताला शिवून परत येते. रे, ग, ध, नी सगळे कोमल; मराठी कानाला ही भैरवीच वाटणार. मात्र रेंगाळू नका, पुढच्या शतकांतली संथ लय इथे अजून आलेली नाही. शेजारच्या आजीबाई अर्धी मात्रा पुढेच पळताहेत, त्यांच्या नादी लागू नका.

दुसरं कडवं आलं. शब्द आठवत नसतील तर पोरांच्या तोंडाकडे बघा.