संवर्धनार्थ भूमिदान आणि करसवलत : चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

संवर्धनार्थ भूमिदान म्हणजे जंगल, पाणवठे किंवा वन्यजीवांचा अधिवास टिकावा म्हणून जमिनीवरचा हक्क पूर्णतः किंवा अंशतः कायमचा सोडून देणे. अमेरिकेत अशा मालकाला आयकरात सूट मिळते. जमीन स्वतःकडेच ठेवून तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तेवढा सोडला, तरीही ती मिळते. १९८० साली ही तरतूद तिथल्या आयकर कायद्यात कायम झाली. पुढे जमिनीची किंमत फुगवून सूट लाटण्याचे प्रकार इतके वाढले की २०१६च्या अखेरीस तिथल्या करखात्याला गुंतवणूकदारांच्या अशा व्यवहारांवर नजर ठेवण्याचा आदेश काढावा लागला. दान दिलेली जमीन स्थानिक मालमत्ता करातून सुटली, की शाळा-रस्त्यांचा भार शेजाऱ्यांवर येतो. स्थानिक करदात्याचे हित होते का, हा वाद तिथे त्यातून निघाला.

चंद्रपूर आणि गडचिरोलीत हा प्रश्न वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. १९६१च्या आयकर कायद्याने घालून दिलेल्या चौकटीत शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता मानलेली नसल्याने ती विकली तरी भांडवली नफ्यावरचा कर लागत नाही. देणगीवरची वजावट (त्या कायद्यातले कलम ८०-जी) पैशाच्या देणगीला मिळते, जमिनीच्या दानाला नाही. मग धानोरा किंवा गोंडपिपरी तालुक्यातल्या धान पिकवणाऱ्याला सूट द्यायची कशातून? शिवाय आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीला विकता येत नाही, तशी बक्षीसही देता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम ३६-अ तसे सांगते. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२च्या दुरुस्तीने 'समुदाय राखीव क्षेत्रा'ची सोय आली. खाजगी किंवा सामूहिक जमीन तिच्या मालकांना स्वखुशीने त्यासाठी देता येते. या कायद्यात करसवलतीची तरतूद मात्र नाही.

ग्रामपंचायतीचे मुख्य उत्पन्न घरपट्टी-पाणीपट्टीचे. शेतजमिनीवर असतो तो शेतसारा आणि त्यावरचा जिल्हा परिषदेचा उपकर, आणि या दोन्ही रकमा किरकोळ. म्हणून शिवारातली जमीन जंगलासाठी सोडल्याने पंचायतीच्या तिजोरीला फारसा खड्डा पडत नाही. नुकसान व्हायचे ते चराई, सरपण, मोह, बांबू आणि तेंदूपाने यांत होते, आणि कोणत्याही करपावतीवर ते दिसत नाही.

या नुकसानीचा इतिहास जुना आहे. हा भाग मध्य प्रदेशात असताना, १९५०च्या कायद्याने मालगुजारी आणि जमीनदारी गेली व त्यांची जंगले सरकारकडे आली. लोकांचे घरगुती गरजेचे हक्क 'निस्तार' म्हणून नोंदले गेले, पण पुढच्या काळात ते आकसत गेले. बांबूचे दीर्घ मुदतीचे करार कागद कारखान्याशी झाले. जंगल 'सार्वजनिक' झाले, मात्र जवळच्या माणसाची त्यावरची पकड सुटली. या जिल्ह्यांतल्या कुठल्याही भूमिदानाचा हिशेब या अनुभवापासून सुरू करावा लागतो.

मेंढा (लेखा), ता. धानोरा, जि. गडचिरोली हे ती पकड परत मिळवल्याचे सर्वांत बोलके उदाहरण. या गोंड गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला तरी कापलेला बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो आणि परवान्यांचे पुस्तक वनखात्याच्या हाती होते. ते पुस्तक २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे बांबूचा पैसा गावात येऊ लागला. २०१३ मध्ये गावकऱ्यांनी आपल्या खाजगी शेतजमिनीही महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ नुसार ग्रामदानात दिल्या. गावचे नेते देवाजी तोफा आणि सर्वोदयी कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामाचा या निर्णयामागे मोठा वाटा आहे.

ग्रामदानात जमीन कसणाऱ्याकडेच राहते, तिची मालकी मात्र गावाची होते आणि गावाबाहेरच्या माणसाला ती विकता येत नाही. विनोबांनी मांडलेल्या सुलभ ग्रामदानात तर दात्यानेच द्यायचे असते : विसावा हिस्सा जमीन भूमिहीनांना, उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषाला, आणि ज्याच्याकडे जमीन नाही त्याने महिन्यातून एका दिवसाची मजुरी. सूट मागण्याऐवजी गावाने स्वतःवर पट्टी बसवून घ्यावी, ही त्यामागची कल्पना. इथे कर देणारा आणि त्याचा विनियोग ठरवणारा एकच, म्हणून 'दानाने करदात्याचे भले होते का' हा प्रश्न ग्रामसभेच्या बैठकीत तिथल्या तिथे तपासता येतो. अमेरिकी पद्धतीत ही सोय नाही. मात्र ग्रामदानाचा पूर्ण अंमल व्हावा म्हणून मेंढ्याला पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार ठोठावावे लागले. ज्या गावाने सरकारकडे एक पैशाची सूट मागितली नाही, त्याच्यावर ही वेळ यायला नको होती.

पाचगाव (ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर) येथील निर्णय आकाराने लहान, पण तितकाच मोलाचा आहे. २०१२ साली सुमारे १,००० हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाल्यावर ग्रामसभेने त्यातले साधारण ३४ हेक्टर जंगल देवराईसारखे राखायचे ठरवले. तिथे तोड नाही. तेंदूपानांचे संकलनही गावाने थांबवले. कोवळी पाने भरपूर यावीत म्हणून झाडे छाटली जातात, जंगलाला आग लावली जाते. छाटलेल्या झाडाला फळ धरत नाही, मग टेंभरे माणसालाही नाहीत आणि पाखरालाही नाहीत. हंगामी रोख मिळकत सोडून दिली ती याच कारणाने. बांबूच्या विक्रीने ही तूट भरून काढता आली. हातात बांबू नसता तर हा त्याग गावाला परवडला नसता.

ताडोबाच्या भोवतीचे चित्र निराळे आहे. १९५५ सालचे हे राष्ट्रीय उद्यान १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. गाभा क्षेत्रातल्या बोटेझरी, नवेगाव, जामणी अशा गावांनी संवर्धनासाठी जमीनच नव्हे, गावच सोडले. त्याला दान म्हणता येणार नाही. तो मोबदल्यावर झालेला व्यवहार आहे. २००८पासून कुटुंबामागे दहा लाख रुपयांचा पर्याय होता, पुढे तो पंधरा लाखांचा झाला. गाभ्याभोवतीच्या बफरमधल्या गावांना पर्यटनातून रोजगार, २०१५च्या जन-वन विकास योजनेतून निधी आणि रिसॉर्टांकडून घरपट्टी मिळते. त्यांच्याच शिवारात रानडुकरे धान लोळवतात आणि वाघाच्या भीतीने मोहफुले वेचायला जाणे जिवावरचे काम होऊन बसते.

जमीनदानाला आयकरात सूट द्यावी ही सूचना भारतात आली, तर तिचा लाभ ताडोबाच्या प्रवेशद्वारांजवळ जमीन घेऊन ठेवलेल्या, करपात्र उत्पन्न असलेल्या शहरी मालकांना होईल. बफरमधल्या मोहर्ली गावच्या शेतकऱ्याच्या करात कपात होणार नाही, कारण मुळात त्याच्या शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही. त्याच्या उपयोगाचे आहे ते पिकाच्या नुकसानीची भरपाई वेळेत मिळणे, प्रवेशशुल्कात गावाचा वाटा ठरलेला असणे आणि राखलेल्या जंगलात काय तोडायचे, काय ठेवायचे हे सांगण्याचा अधिकार ग्रामसभेकडे राहणे.