तांड्याची राखण, ट्रकची राखण

आजचा भाग एका फोनमुळे सुचलाय, म्हणून आधी तो किस्सा सांगतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. मध्यंतरी मालवाहू ट्रकवर नजर ठेवणाऱ्या एका सिस्टीमवर काम करत होतो. भरलेली गाडी ठरलेली जागा सोडून वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबली, की स्क्रीनवर लाल खूण यायची आणि ड्रायव्हरला फोन जायचा. कारण एकच, चोरीची भीती. तो नियम मीच लिहिला होता. एका रात्री लातूरहून तूरडाळ घेऊन नांदेडकडे निघालेली गाडी अहमदपूरच्या पुढे थांबली. टेस्टिंग चालू होतं, म्हणून फोन मीच लावला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "चोर न्हाई आला भाऊ, झोप आली व्हती. ती बी चोरच हाय, पर ती माल सोडती अन् माणूस नेती."

मी सॉरी म्हणून फोन ठेवला. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपण मालाची राखण करतो म्हणजे नक्की कुणाची करतो? मग मी जरा मागे जाऊन वाचायला लागलो.

रेल्वे आणि ट्रक यायच्या आधी दख्खनचा माल लमाणांच्या बैलांवर फिरायचा. कोकणातून मीठ वर यायचं, पठारावरचं धान्य दूरवर जायचं. पीटर मंडी नावाच्या इंग्रजाला 1632 मध्ये उत्तर हिंदुस्थानात एक तांडा भेटला होता. 14,000 बैल, सगळ्यांच्या पाठीवर धान्य, आणि वेग दिवसाला सहा-सात मैल. म्हणजे साधारण दहा किलोमीटर! आज तेवढं अंतर ट्रक पंधरा मिनिटांत कापतो. पण हा वेग आळसाचा नव्हता. बैल चरत चरत चालायचे, म्हणजे इंधन वाटेवरच फुकट मिळायचं.

आणि राखण? तांडा एकटा कधी नसायचाच. नाईकाच्या शब्दावर चालणारी शेकडो माणसं, बायका-पोरं, सोबत कुत्री. मुक्कामाला गोण्या उतरवून त्यांचीच भिंत रचायची आणि आत झोपायचं. आपल्या लातूर-नांदेड रस्त्यावर चाकूर लागतं ना, त्या तालुक्यातलं जानवळ गाव आजही कारवान जातीच्या कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. कारवान म्हणजे व्यापारी काफिला. नावातच रस्ता आहे.

तांड्याला आणखी एक कवच होतं, ते म्हणजे गरज. लढणाऱ्या दोन्ही फौजांना धान्य लागायचं, त्यामुळे तांडा लुटणं कुणालाच परवडायचं नाही. 1803 मध्ये वेलस्लीची फौज आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळच्या असईला लढली, तेव्हा त्या मोहिमेतही रसदीसाठी लमाणांवर भिस्त होती.

इथे एक गोष्ट नीट बघा. तांड्यातलं बरंचसं धान्य लमाणांचं स्वतःचं असायचं, काही व्यापाऱ्यांचं. माल वाहणारा आणि मालाचा मालक पुष्कळदा एकच. म्हणून मालाची राखण आणि माणसाची राखण या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्याच.

पेढीवर बसलेल्या व्यापाऱ्याने मात्र वेगळी सोय केली होती. हुंडाभाडे म्हणजे एकरकमी करार. वाहतूक, वाटेतली जकात आणि नुकसानीची हमी, सगळं त्यात. जोखमी हुंडीचे पैसे माल सुखरूप पोचला तरच द्यायचे. विमा कंपन्यांच्या कितीतरी आधीचा हा विमा!

मग ब्रिटिश मुलखात 1865 मध्ये कॅरियर्स अ‍ॅक्ट आला. माल हरवला तर वाहतूकदाराची चूक मालकाने सिद्ध करायची गरज नाही, हे तत्त्व त्यात होतं. त्याच्या जागी 2007 चा नवा कायदा आला, तो 2011 पासून लागू झाला, पण हे तत्त्व कायम राहिलं. आज ट्रान्सपोर्टवाला बिल्टी फाडतो, त्यामागे हीच जबाबदारी आहे.

आपल्याकडे तेव्हा मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य. सरहद्दीवर करोडगिरीचे नाके. गेल्या शतकाच्या सुरुवातीला मनमाड-हैदराबाद रेल्वेने नांदेड जोडलं गेलं, आणि 1911 मध्ये बार्शी लाईट रेल्वे लातूरला पोचली. बैलांचा धंदा बसला. त्यातच ब्रिटिश मुलखात 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला होता. ज्यांच्या भरवशावर फौजा चालल्या, त्यांच्यावरच अनेक ठिकाणी चोरीचा शिक्का बसला. तो कायदा 1952 ला गेला. पण महाराष्ट्रात बंजारा समाज आजही 'विमुक्त जाती'त मोजला जातो. राखणदार एका कागदाने संशयित झाला.

हे वाचताना मला माझी लाल खूण आठवली. गाडी थांबली की ड्रायव्हरवर संशय. मीही तेच करत होतो.

ट्रकने माल आणि माणूस वेगळे केले. डाळ मिलवाल्याची, गाडी मालकाची, विमा कंपनीचा आणि रात्र ड्रायव्हरची. बऱ्याच गाड्यांवर आता किन्नरसुद्धा नसतो. कायदा नव्हता असं नाही. 1961 च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स अ‍ॅक्टमध्ये दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती होती. तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांना लागू होता. एक-दोन गाड्यांचे मालक सुटले असते, पण 1988 च्या मोटर वाहन कायद्याने कामाचे हेच तास सगळ्या व्यावसायिक वाहनांना लावले. फक्त ते तास मोजायचे कुणी? मोजायचं यंत्र आमच्याकडे होतं. आम्ही मोजत होतो ते थांबणं.

म्हणून मी नियम उलटा करून दाखवला. पाच तास सलग गाडी चालली, तर लाल खूण ऑफिसला, ड्रायव्हरला नाही. विश्रांतीच्या थांब्याला फोन नाही. काही ग्राहकांनी तो चालू ठेवला, काहींनी आठवड्यात बंद केला. "माल वेळेत पोचत नाही," म्हणाले.

त्या काकांना नंतर पुन्हा फोन केला होता, आपणहून. विचारलं, काका, थांबायचं तर कसं थांबता? ते म्हणाले, उजेडातल्या पंपावर किंवा चार गाड्या असलेल्या ढाब्यावर. मागचा फाळका भिंतीला नाहीतर दुसऱ्या गाडीला लावून. उठल्यावर आधी गाडीला एक चक्कर, ताडपत्री आणि दोर हाताने चाचपायचे, सील बघायचं, मगच स्टार्टर.

पाठीला पाठ, गोण्यांची भिंत, चार माणसांची सोबत. मंडळी, हा तांडाच झाला की!

तुमच्या घरात कुणी ड्रायव्हर असेल तर रात्री फोन करून "कुठवर आलात?" विचारण्याआधी "जरा झोपलात का?" एवढं विचारा. भेटू पुढच्या भागात.