संघमित्रा, हजर!

नागपूरच्या इंदोऱ्यातल्या शाळेत मी शिकवायचे. जुन्या दाखल-खारिज रजिस्टरात आयांची नावं असत: कचराबाई, धोंडाबाई. लेकरू जगावं म्हणून ठेवलेली, कधी हिणवून लादलेली. 14 ऑक्टोबर 1956 रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंसह बौद्ध धम्म स्वीकारला, आणि पुढे इंदोऱ्यासारख्या वस्त्यांत लेकी झाल्या सुजाता, यशोधरा, विशाखा, प्रज्ञा. माझं लाडकं नाव संघमित्रा. अशोकाची ही लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली, तिथे तिने भिक्खुणीसंघ उभारला. हजेरीत ते चार अक्षरी नाव मी मुद्दाम पूर्ण उच्चारी. मुलगी ताठ उभी राहायची. नावासाठी एवढा मोठा निर्णय दुसऱ्या कुठल्या पिढीने घेतला असेल? तुमच्या आजीचं नाव कुणी, का ठेवलं, ते आजच विचारून लिहून ठेवा.