पांढरे पक्षी, काळी चित्रे

१८८२ च्या आरंभी नेपल्सच्या किनाऱ्यावर एक फ्रेंच गृहस्थ बंदूक रोखून समुद्रपक्ष्यांवर नेम धरीत. पक्षी मात्र एकही पडत नसे.

हे शरीरक्रियाशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे. बंदुकीत गोळीऐवजी काचेची फिरती तबकडी होती. चाप ओढला की सेकंदाला १२ छायाचित्रे निघत. प्रत्येकाला प्रकाश मिळे अवघा १/७२० सेकंद.

एवढ्या अल्प वेळात काचेवर ठसे ते झगझगीत आकाश. त्यातून त्या काळच्या काचा निळ्या प्रकाशाला विशेष संवेदनशील. त्यामुळे स्वतःच्याच सावलीत असलेला पांढराशुभ्र पक्षी बहुधा काळी आकृती होऊन उमटे. पंख वर की खाली, एवढे कळे. पंखाची वळणे कळत नसत. मारे यांना तर तीच हवी होती.

बंदुकीची गोष्ट आजही रंगवून सांगितली जाते. खरी युक्ती पुढची आहे. मारे यांनी चित्रातून आकाशच काढून टाकले!

पॅरिसच्या प्रयोगस्थानी त्यांनी आतून काळी केलेली खोल पडवी उभारली. पाठीमागे काळी मखमल. तिच्यासमोरून, भर उन्हात, पांढरे पक्षी उडवले. पार्श्वभूमीकडून प्रकाश जवळजवळ येतच नसल्याने एकाच काचेवर शटर पुनःपुन्हा उघडता येई, आणि दर खेपेस उमटे तो फक्त पक्षी. एका झेपेच्या साऱ्या अवस्था एका काचेवर, ओळीने.

१८९० साली त्यांचा पक्ष्यांच्या उड्डाणावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला.